अकरा नंबरचा खडा

दादा,

तुझ्या शोकसभेत मी खोटं बोलले. फार मोठं नाही, चार वाक्यांचंच. पण तुला जे बजावून ठेवलं होतं त्याच्या बरोबर उलट. जानेवारीत तू माझ्याकडे केदारखेड्याला आला होतास, आपलं नेहमीचं भांडण झालं आणि मी रागाच्या भरात म्हणाले होते, "तुझ्या शोकसभेत उभी राहून सांगीन मी, अकरा नंबरचा खडा काय व्हता ते." तू चपला घालता घालता हसलास. "सांग की. मी कुठं ऐकायला राहनार हाय," म्हणालास. त्यानंतर तीन महिने पुरे व्हायच्या आत तू मला ती संधी दिलीस. कुठलंही काम वेळेच्या आधी उरकायची तुझी सवय शेवटपर्यंत सुटली नाही.

सभा तुझ्या कॉलेजच्या हॉलमध्ये होती. टेबलावर फोटो होता तोच, ओळखपत्रासाठी काढलेला, ज्यात तू काढणाऱ्यावर चिडलेला दिसतोस. मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील झालं. पहिल्या रांगेत वहिनी, तिच्या शेजारी मी. मग तुझ्या विभागातले देशमुख सर उठले. तुझ्याआधीपासून तिथे असलेले आणि आता काठी घेऊन चालणारे. म्हणाले, "प्रामाणिकपणा कशाला म्हणतात ते मी या माणसात पाहिलं. यांची सख्खी बहीण आमच्याकडे शेवटच्या वर्षाला होती. प्रात्यक्षिकात तिचं एक खनिज चुकलं. बाहेरून आलेले परीक्षक घोटाळ्यात पडले होते, एका शब्दाने काम झालं असतं. पण सरांनी सांगितलं, चूक ती चूक. बहिणीचं एम.एस्सी. गेलं, सर हलले नाहीत." हॉलमध्ये लोकांनी माना हलवल्या. दोघीतिघींनी वळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू तुझ्या मोठेपणात माझाही थोडा वाटा आहे.

आणि लगेच माइक माझ्या हातात आला. मी काय म्हणाले ते ऐक. "दादा माझे पहिले शिक्षक. दगड ओळखायला त्यांनी मला शिकवलं. त्यांच्यासारखा नेमका माणूस मी पाहिला नाही. मी आणखी काय बोलू." आणि बसले. वहिनीने माझा हात दाबला, आणि मला तो झटकून टाकावासा वाटला.

म्हणून आता हे लिहिते आहे. तिथे बोलायचं होतं ते सगळं.

सुरुवात हसनाबादच्या ओट्यावरून करावी लागेल. अप्पा रोजंदारीवर विहिरी खोदायला जायचे. कठीण काळा दगड संपून मांजऱ्या लागला, म्हणजे तो ठिपक्याठिपक्यांचा, आत पोकळ्या असलेला दगड, की अप्पांची कळी खुलायची. पोकळीत काहीतरी चमकणारं निघायचंच. ते रुमालात बांधून घरी आणायचे आणि आईच्या शिव्या खायचे, कारण रुमाल फाटायचा. मी बारा वर्षांची होते. तू एम.एस्सी. करत होतास आणि सुटीवर आला होतास. अप्पांनी रुमाल सोडला आणि मी ओरडले, "हिरा!" तू हसला नाहीस. तेव्हाचा तू कुणालाच हसायचा नाहीस. "नाव शेवटी, सुजा," म्हणालास. "आधी त्याला विचारून तर पाहा."

आणि आपण विचारायला बसलो. हातावर घेऊन वजन पाहायचं. उन्हात फिरवून चमक पाहायची, काचेसारखी आहे की मोत्यासारखी की मातकट. मग नखाने ओरखडा निघतो का पाहायचा, नाही निघाला तर तांब्याच्या नाण्याने, मग खिळ्याने, आणि त्यानेही नाही निघाला तर त्या खड्यालाच काचेवर ओढायचं. फुटक्या फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासून रेघ कुठल्या रंगाची येते ते पाहायचं. याला कस म्हणतात, तू सांगितलंस. हातोडीने एक कोपरा उडवून तो फुटतो कसा ते पाहायचं. आणि सगळ्यात शेवटी, तू कॉलेजातून आणलेल्या बुटक्या बाटलीतून अ‍ॅसिडचा एक थेंब. रुमालातले दोन खडे मला अगदी जुळे वाटले होते. एकाने अप्पांच्या कंदिलाची काच ओरबाडली आणि तो फुटला तेव्हा बाटलीच्या काचेसारखा वेडावाकडा फुटला. ती गारगोटी. दुसऱ्यावर खिळा सहज चालला, तो फुटला तर त्याचे सगळे तुकडे एकाच तऱ्हेने तिरपे, कलंडलेल्या पेटीसारखे, आणि थेंब पडताच फसफसला. तो कॅल्साइट. रंग दोघांचा एकच. "रंगावर बिलकुल जायचं न्हाई," तू म्हणालास. "रंगाइतकं खोटं कुनीच बोलत न्हाई."

मी विचारलं, नाव शेवटी का? आधी नाव कळलं तर जल्दी होत नाही का? तू अप्पांकडे पाहिलंस. अप्पा पलीकडे पाय धूत होते. मग हळू आवाजात म्हणालास, "आपल्याला लोक नाव पहिलं विचारत्यात. आडनावासकट. अन् मंग ठरवत्यात आपन कसं हाय ते. दगडासंगं तरी आपन तसं न्हाई करायचं." बारा वर्षांच्या मुलीला त्यातलं किती कळलं असेल? पण वाक्य लक्षात राहिलं. मी आजही आठवीच्या वर्गात पहिल्या दिवशी तेच सांगते, आडनावाचं सोडून.

तू केलंस ते मी नाकारत नाही. मला जालन्याला शिकायला पाठवायचं म्हणून तू अप्पांशी आठ दिवस बोलला नव्हतास. जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानामागे तुझ्या दोन खोल्या होत्या, तुझं नुकतंच लग्न झालेलं होतं, तरी त्यातली एक तू मला दिलीस. सकाळी पोती उतरवायला लागले की गव्हाची भुकटी माझ्या वह्यांवर बसायची. वहिनी मला डबा द्यायची. तू सगळ्यांच्या आधी कॉलेजात जायचास, स्कूटरवर. मी मागून पायी यायचे, कारण सरांची बहीण सरांच्या मागे बसून येते असं कुणी म्हणायला नको. कॉलेजात मी तुला "सर" म्हणायचे आणि तू मला आडनावाने हाक मारायचास. घरी तू "बराबर" म्हणायचास, वर्गात "बरोबर". मला या सगळ्याची गंमत वाटायची. तू किती घाबरलेला आहेस हे तेव्हा कळलं नाही, इतकंच.

आता परीक्षा. तुला पाठ आहे, पण तू ती कधी माझ्या बाजूने ऐकली नाहीस.

विभागात खनिजांच्या दोन पेट्या होत्या. सरावाची जुनी, जिच्यातले नमुने हाताळून हाताळून झिजले होते, आणि परीक्षेची नवी, जी कपाटात कुलपात असायची. नवी पेटी तू नोकरीला लागलास त्या वर्षी आली होती. प्रत्येक नमुन्यावर पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यात नंबर आणि झाकणाच्या आत नावांची यादी. ती उतरवून घ्यायचं काम नवीन माणूस म्हणून तुझ्याकडे आलं आणि रजिस्टरमध्ये तू सही केलीस, "तपासून घेतले". आधीच्या दोन बॅचेसनी त्याच पेटीवर परीक्षा दिली होती. अकरा नंबर गुलाबी होता. गुलाबी आणि चपट्या पैलूंचा म्हणजे फेल्डस्पार, हे आपल्याकडे पोरं पहिल्याच वर्षी घोकतात. त्यांनी रंग पाहिला, फेल्डस्पार लिहिलं, गुण घेतले आणि गेले. खिळा कुणी लावलाच नाही.

मी लावला. तू शिकवलं होतंस म्हणून. रंग पाहून माझ्याही तोंडावर फेल्डस्पारच आलं होतं, पण मी नाव मागे ठेवलं. नख नाही चाललं. नाण्याने पुसट रेघ आली. खिळ्याने तर सरळ चर पडला, पांढरी पूड निघाली. फेल्डस्पारवर खिळा कधी चालतो का, दादा? मी पैलूंचे कोन पाहिले, ते काटकोनात नव्हते, तिरपे होते. मग थेंब टाकला. तो फसफसला. मी सगळं वहीत लिहिलं आणि शेवटी नाव लिहिलं. कॅल्साइट.

तू आधीच अर्ज देऊन ठेवला होतास की माझी बहीण परीक्षेला आहे, तिचे गुण बाहेरच्या परीक्षकांनी द्यावेत. ते तुझं बरोबरच होतं. परीक्षक यादी समोर घेऊन तपासत होते आणि अकरा नंबरला थांबले. "यादीत ऑर्थोक्लेज फेल्डस्पार आहे. या मुलीने कॅल्साइट लिहिलंय, चाचण्या पण कॅल्साइटच्याच लिहिल्यात," ते म्हणाले आणि त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. देशमुख सरही तिथेच होते. मी टेबलासमोर उभी होते. मी म्हणाले, "सर, एक थेंब टाकून पाहा ना." बाटली टेबलावरच होती. तुझ्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावर.

परीक्षक हसले. "तुमचीच बहीण ना ही?"

"हो," तू म्हणालास. "म्हणूनच सांगतो. फेल्डस्पारच आहे. तिची चूक झालेली आहे."

वर्गातल्या स्पष्ट, शुद्ध भाषेत. बाटलीकडे तू पाहिलंसुद्धा नाहीस. परीक्षकांनी लाल रेघ मारली. पण मी तुझ्या तोंडाकडे पाहत होते, दादा. पहिल्या क्षणी, यादी आणि माझी वही शेजारी शेजारी आल्या तेव्हा, तुझी नजर खड्यावर गेली होती आणि तिथेच राहिली होती. खिळ्याचा पांढरा चर तुला दिसला होता. फेल्डस्पारवर तो कसा पडला हा प्रश्न तुझ्या डोक्यात आलाच नाही, असं तू मला सत्तावीस वर्षं सांगत राहिलास.

विद्यापीठाची एम.एस्सी. प्रवेशाची यादी लागली तेव्हा मी यादीबाहेर राहिलेल्यांत पहिली होते. अंतर एका नमुन्याच्या गुणांएवढंही नव्हतं. अप्पा म्हणाले, एवढं शिकलीस लई झालं, बी.एड. कर. मी बी.एड. केलं, लग्न केलं, केदारखेड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. माझं वाटोळं झालं असं मी म्हणत नाही. मला माझी शाळा आवडते. पण मला खडक शिकायचे होते. हातोडी घेऊन डोंगर हिंडायचे होते, आणि त्यासाठी लागणारं सगळं माझ्याकडे होतं. तूच दिलेलं.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी वहिनीने भाकरी वाढली. मी विचारलं, "थेंब का न्हाई टाकला?" तू म्हणालास, "जेव." झालं. आपलं पहिलं भांडण एवढंच होतं.

पुढच्या वर्षी खालच्या वर्गातली मुलगी मला बाजारात भेटली आणि बोलता बोलता म्हणाली की, परीक्षेच्या पेटीतला अकरा नंबर आता पांढरट आहे, त्याच्यावर खिळा चालत नाही. मी त्याच दिवशी तुझ्याकडे आले. तू पेपर वाचत होतास. "जुना हरवला," म्हणालास. कुलपातल्या पेटीतला एकच खडा हरवतो, आणि तोही अकरा नंबरचा! मी इतकी हसले की वहिनी स्वयंपाकघरातून पाहायला आली. तू पेपर तसाच धरून राहिलास.

मग ती घरातली गंमत होऊन बसली. चौदा एप्रिलला सगळे हसनाबादला जमलो की मी निळ्या झेंड्याखाली, सगळ्यांसमोर विचारायचे, "दादा, अकरा नंबर काय व्हता?" आणि तू न चुकता म्हणायचास, "फेल्डस्पार." पोरं टाळ्या वाजवायची. वहिनी म्हणायची, झालं यांचं सुरू. सगळ्यांना वाटायचं, बहीणभावांची थट्टा आहे. माझी कधीच नव्हती. तुझी होती का, मला माहीत नाही.

जानेवारीतल्या त्या भेटीत तू पहिल्यांदा थोडा उघडलास. चहा पिता पिता, बाहेर बघत म्हणालास, "समज, सुजा. समज, असलाच कॅल्साइट. तर मी काय करायला पाहिजे व्हतं? त्या पेटीवर माझी सही व्हती. तीन वर्षं झाल्ती मला लागून. देशमुख चुकला तर लोक म्हनले असते, सरांचं लक्ष न्हवतं. मी चुकलो तर काय म्हनले असते? यांना येतंय कुठं, हे आलेत कसे ते माहीत हाय. आपल्या मानसाची चूक एकट्याची राहत न्हाई. मागून येनाऱ्या पोरांच्या माथी बसती. अन् त्यात बहिनीसाठी पेटी खोटी ठरवली म्हनले असते."

"समज न्हाई," मी म्हणाले. "नुसतं म्हन. कॅल्साइट व्हता म्हन."

तू कप खाली ठेवलास. "चहा चांगला झाल्ता," म्हणालास आणि उठलास. त्यावरच मी शोकसभेची धमकी दिली.

तू जे सांगितलंस ते मला कळतं, दादा. वेगळं सांगायला नको होतं; मीही त्याच घरातली. पण त्या टेबलाशी तू गप्प बसलास ते एक. त्याच संध्याकाळी, भाकरी पुढ्यात असताना, दार लावलेलं असताना, तू मला म्हणू शकला असतास की, सुजा, तुझं बराबर व्हतं, मी भ्यालो. मी कुणाला सांगायला गेले असते? माझं एम.एस्सी. गेलंच असतं, पण मी सत्तावीस वर्षं स्वतःला विचारत बसले नसते की, त्या दिवशी खिळा खरंच नीट लागला होता ना, थेंब खरंच फसफसला होता ना. हो, मीसुद्धा विचारलं. कित्येकदा. तुझ्यासारखा नेमका माणूस ठामपणे फेल्डस्पार म्हणतो म्हटल्यावर आपल्या डोळ्यांवर संशय यायला लागतो. ते तू मला केलंस. याचा राग मी तुझ्यासोबत जाळला नाही, तो माझ्याकडे आहे.

आणि आता शोकसभेतलं खोटं. माइक हातात आला तेव्हा मी खरंच बोलणार होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मागच्या रांगांकडे नजर गेली. तुझे विद्यार्थी भिंतीला टेकून उभे होते. भोकरदनकडून, खेड्यापाड्यांतून आलेले, बरेचसे आपल्यातलेच. त्यातला एक, नुकताच कुठेतरी लेक्चरर झालेला, रडत होता. आणि पुढे देशमुख सर काठीवर हात ठेवून मान हलवत बसले होते. मला एकदम दिसलं की मी बोलले तर ते काय म्हणतील, आणि ते कुणाच्या माथी बसेल. मी भ्याले. तुझी जी भीती होती ना, तीच, जशीच्या तशी. माइक हातात असताना मी तुझ्यासारखीच खोटी साक्ष दिली. तू हे बघायला असतास तर तुला बरं वाटलं असतं की वाईट, हे मी ठरवू शकत नाही. मला मात्र तुझा आणखीच राग आला.

जलदान विधी झाल्यावर वहिनीने मला आतल्या खोलीत नेलं आणि तुझ्या कपाटातून चष्म्याचं एक जुनं घर काढून हातात दिलं. "हे तुमचं हाय का बघा, ताई," म्हणाली. "मला त्यातलं काही कळत न्हाई. रविवारी दाढी झाली का खिडकीपाशी घिऊन बसायचे. मी म्हनायचे, काय करून राह्यले? तर म्हनायचे, काही न्हाई, पाहून राह्यलो."

मी उघडलं. आत गुलाबी तुकडे होते. लिंबाएवढा एक, बाकीचे बोराएवढे, काही तर हरभऱ्याएवढे. मोठ्या तुकड्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि त्यात, अर्धवट उडालेला, अकरा. मुठीएवढा होता तो खडा, दादा. मला चांगला आठवतो. तू त्याला फोडत आला होतास. आणि जितके तुकडे होते तितके सगळे तिरपे, एकूण एक. ते दुसरं काय होणार होतं? मोठ्या तुकड्यावर खिळ्याचे ओरखडे होते, आडवे, उभे, एकावर एक, इतके की चमक राहिली नव्हती. मधे मधे थेंबांनी खाल्लेले खड्डे. माझा ओरखडा त्यात कुठला ते मला सांगता आलं नाही. बाकीचे सगळे तुझे.

इतक्यांदा तू त्या खड्याला विचारलंस. रविवारी, दाढी करून. त्याने दर वेळी तेच सांगितलं असणार. आणि मग कपडे करून तू हसनाबादला यायचास आणि पोरांसमोर म्हणायचास, फेल्डस्पार.

मी वहिनीसमोर रडले, तिला वाटलं तुझ्या आठवणीने. तसंही होतं. तू एकट्याने खिडकीपाशी बसून स्वतःला शिक्षा करत होतास हे कळल्यावर मला तुझी दया आली, आणि तिच्या मागोमाग असा संताप आला की तू समोर असतास तर ते चष्म्याचं घर तुझ्या अंगावर फेकलं असतं. दगडाला विचारायला तुला सत्तावीस वर्षं वेळ होता. केदारखेडा जालन्यापासून लांब थोडंच आहे.

काल तो मोठा तुकडा मी शाळेत नेला. आठवीचा वर्ग, खनिजांचा धडा. नंबराचा ठिपका मी खरवडून काढला होता. खिळा, नाणं, काच, फरशीचा तुकडा आणि ड्रॉपरची बाटली टेबलावर ठेवली आणि एका मुलीला पुढे बोलावलं, जिचे आईवडील ऊसतोडीला गेलेत आणि जी आजीपाशी राहते. मागून कुणीतरी म्हणालं, "गुलाबी हाय, फेल्डस्पार असंल." तिने हातावर वजन घेतलं, उन्हात फिरवला, पैलू पाहिले. मग खिळा उचलला आणि थांबली.

"बाई, याला आधीच कुनी इतकं वरबाडलंय?"

"माझ्या भावानं," मी म्हणाले.

"का?"

"त्याला खरं काय ते पाहायचं होतं."

तिने थोडा विचार केला. "मंग एकदाच वरबाडला तरी कळतंय की, बाई."

वर्ग हसला. मी तिला म्हणाले, पुढे कर. तिने एक कोरी जागा शोधून स्वतःचा ओरखडा काढला. मग थेंब टाकला आणि कान जवळ नेऊन ऐकलं. वहीत एकेक गोष्ट लिहिली, सावकाश, मोठ्या अक्षरात. शेवटी, सगळ्याच्या खाली, नाव लिहिलं.

मी लाल पेन काढला, दादा, आणि तिला पूर्ण गुण दिले.